‘किल’ करूनही मरत नाही!

लिनक्सवाल्यांकडे एक ब्रह्मास्त्र असतं, ‘किल मायनस नाइन’. प्रोग्राम कितीही आडमुठा असो, ही कमांड सोडली की खेळ खल्लास. पण फाइल्स असतात दुसऱ्याच मशीनवर, सर्व्हरवर. तोच झोपला तर? मग ब्रह्मास्त्रही फुसकं! कित्येक वर्षं हे असंच चाललं होतं.

२००७च्या पावसाळ्यात वडाळ्यातल्या आमच्या छोट्याशा अॅनिमेशन ऑफिसात नेमका हाच सीन झाला. सर्व्हरच्या यूपीएसने मान टाकली आणि अकरा मशीन्सचे स्क्रीन जागच्या जागी गोठले. एका मैत्रिणीचा सकाळपासूनचा शॉट सेव्ह व्हायचा होता, डिलिव्हरी दुसऱ्या दिवशीची. त्यात हार्बर लाइन ठप्प. साहेब म्हणाले, ‘अरे, रीस्टार्ट मार ना सगळ्यांना!’ मी म्हटलं, ‘सर, कोणी हात लावू नका.’

कारण सांगतो. फाइल शेअर करायची एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने १९८०च्या दशकात आणली. तिच्या जुन्या व्हर्जन्समध्ये कोणी कुठली फाइल उघडलीय याची वही सर्व्हर ठेवतच नाही. त्यामुळे तो बंद पडला तरी तुमचं मशीन तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत बसतं. सर्व्हर उठला की उत्तर मिळतं आणि काम पुढे सरकतं. तोपर्यंत प्रोग्राम ‘डी’ अवस्थेत असतो, म्हणजे अशी झोप की हाकही ऐकू येत नाही.

‘सॉफ्ट’ सेटिंग केलं तर मशीन थोड्या वेळाने नाद सोडून एरर देतं. ऐकायला मस्त! पण लिहिता लिहिता नाद सोडला तर फाइल अर्धवट राहते. माझं मत विचाराल तर कामाच्या फाइल्सना हे सेटिंग नकोच.

अकाउंट्सचा यूपीएस उचलून आणला, सर्व्हर उठला आणि शॉट सेव्ह झाला. मैत्रिणीने चहा पाजला.

पण सर्व्हर कायमचा गेला असता तर? अडकलेला प्रोग्राम मारायला अख्खं मशीन बंद करण्यावाचून पर्याय नव्हता. यावरचा तोडगा मॅथ्यू विल्कॉक्स यांनी काढला आणि २००८मध्ये २.६.२५ या कर्नलमध्ये तो आला. फंडा एकदम सोपा. झोपलेल्याला मध्येच उठवायची भीती का? तर अर्धवट वाचलेला डेटा घेऊन प्रोग्राम पुढे जाईल म्हणून. पण जो मरणारच आहे, तो त्या डेटाचं करणार काय? मग त्याला उठवायला हरकत नाही! म्हणून ‘टास्क किलेबल’ ही नवी झोप आली. बाकी कुठल्याही हाकेने मोडत नाही, जीवघेण्या सिग्नलने मात्र मोडते. त्याच वर्षी पुण्याच्या आयबीएम लॅबमधल्या एका इंजिनिअरने यावर छान सोपा लेखही लिहिला.

त्याआधी लोक ‘इंटर’ नावाचं एक सेटिंग टाकून कसंबसं भागवायचे. जुन्या ऑफिसांच्या सेटिंग फाइल्समध्ये तो शब्द आजही सापडतो. कर्नल तो वाचतं आणि चक्क दुर्लक्ष करतं.