दारातील गाडी आणि परिमाणव्रत

बुलढाणा जिल्ह्यातील दुसरबीड हे सिंदखेड राजा तालुक्यातील रस्त्यावरचे गाव. एका अंगाला मेहकर, दुसऱ्या अंगाला सिंदखेड राजा आणि पुढे जालना. गावाला रेल्वे नाही. आगगाडी गाठायची तर जालन्याला जावे लागते. मोठा दवाखाना आणि दुकानाचा घाऊक माल यांसाठीही बहुधा तीच वाट धरावी लागते. शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचे, कारंजा (लाड) येथील मंदिरांचे किंवा कचनेरला चिंतामणी पार्श्वनाथांचे दर्शन घ्यायचे तर वृद्धांना एस.टी.ची धावपळ झेपत नाही. अशा गावात चारचाकी ही केवळ चैन राहिलेली नाही. ती गरज आहे हे मान्य केल्यावर मात्र पुढचा प्रश्न उभा राहतो: दारातील जुनी गाडी ठेवावी, की दुसरी घ्यावी?

असे एक घर डोळ्यांसमोर आणावे. किराण्याचे दुकान, वृद्ध आई, नोकरीला लागलेला मुलगा आणि २०१२ साली घेतलेली लहान पेट्रोल गाडी. यंदा गॅरेजवाल्याने क्लच, सस्पेन्शन आणि चार टायर मिळून ५० हजारांचा खर्च सांगितला. एवढा पैसा जुन्या गाडीत घालणे मुलाला वेडेपणाचे वाटते. सोपे हप्ते मिळत असताना नवी, उंच, मोठी गाडी घ्यावी असे तो म्हणतो. आजीला चालती गाडी विकणे पटत नाही. याच गाडीतून तिच्या नातीची पाठवणी झाली होती. कर्ता पुरुष दोघांचे ऐकतो आणि रात्री हिशेबाची वही उघडतो. नावे वेगळी, गाड्या वेगळ्या, पण हा प्रसंग आज घरोघरी आहे.

शास्त्रातील मोजपट्टी

आपले साधू-साध्वी पायी विहार करतात. वाहन त्यांना वर्ज्य आहे. श्रावकाला वाहन वर्ज्य नाही, परंतु त्याचे परिमाण ठरवणे हे त्याचे व्रत आहे. बाह्य परिग्रहाचे जे दहा भेद सांगितले जातात, त्यांच्या एका गणनेत शेत, घर, धन, धान्य यांच्या बरोबरीने ‘यान’ही येते. म्हणजे घर-शेताप्रमाणे वाहनालाही मर्यादा हवी, हा विचार मोटारीपेक्षा कितीतरी जुना आहे.

आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रहपरिमाण व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: अतिवाहन, अतिसंग्रह, अतिविस्मय, अतिलोभ आणि अतिभारवहन. बैल झेपेल त्यापेक्षा लांब हाकणे ते अतिवाहन आणि त्याच्यावर पेलेल त्यापेक्षा अधिक ओझे लादणे ते अतिभारवहन, असा त्यांचा मूळ अर्थ. बैलाच्या जागी आज इंजिन आले, तरी हे पाच शब्द गाडीच्या निर्णयाला नेमके लागू पडतात.

ओझे किती पेलते?

प्रथम अतिभारवहन. आज ओझे बैलाच्या पाठीवर नसून घराच्या उत्पन्नावर पडते. समजा, ७ लाखांची गाडी घेतली, दीड लाख रोख भरले आणि साडेपाच लाखांचे कर्ज ९ टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी काढले. दरमहा हप्ता सुमारे ११,४०० रुपये बसतो. पाच वर्षांत बँकेला सुमारे ६ लाख ८५ हजार जातात; त्यांपैकी व्याजच १ लाख ३५ हजार. या हिशेबात जुन्या गाडीची ५० हजारांची दुरुस्ती म्हणजे साडेचार महिन्यांचे हप्ते. दुरुस्तीनंतर गाडी दोन वर्षे नीट चालली, तर तो पैसा वाया गेला असे म्हणता येत नाही.

नवी गाडी पेट्रोल वाचवते, हा युक्तिवादही वहीत मांडून पाहावा. वर्षाला ८,००० किलोमीटर प्रवास, जुनी गाडी लिटरला १४ आणि नवी २० किलोमीटर देणारी, पेट्रोल १०५ रुपये लिटर असे धरले, तर वर्षाची बचत सुमारे १८ हजार होते. हप्त्यांपोटी मात्र वर्षाला सुमारे १ लाख ३७ हजार द्यावे लागतात. केवळ पेट्रोलच्या बचतीसाठी गाडी बदलणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

किमतीची घसरणही ध्यानात घ्यावी. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवताना पहिल्या सहा महिन्यांनंतर १५ टक्के, तिसऱ्या वर्षात ३० टक्के आणि पाचव्या वर्षात ५० टक्के घट धरली जाते. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, हे खरे. पण स्वस्त झाली म्हणून घेतलेली वस्तू गरजेची होतेच असे नाही. तसे घेणे हा अतिलोभाचाच एक प्रकार होय.

जेथे काटकसर थांबावी

एवढ्यावरून जुनी गाडी ठेवणे हेच धर्माला धरून आहे असा निष्कर्ष निघत नाही, कारण पाच अतिचारांतील पहिला अतिवाहन आहे. ज्या वाहनाची जेवढी शक्ती, तेवढेच त्याच्याकडून काम घ्यावे.

नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग याच परिसरातून जातो. ११ डिसेंबर २०२२ रोजी त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा आणि ५ जून २०२५ रोजी संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग खुला झाला. सपाट भागात त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. १ जुलै २०२३ च्या रात्री सिंदखेड राजाजवळ पिंपळखुटा येथे बस उलटून पेटली आणि २५ जणांनी प्राण गमावले. ती रात्र या भागातील लोक विसरलेले नाहीत. जुना टायर कडक होतो, हवा कमी असेल तर तो अधिक तापतो, आणि उन्हाळ्यात काँक्रीटवर सलग वेगाने धावताना फुटू शकतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. ‘२३१९’ असे असेल, तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. झीज दिसत नसली, तरी वय पाहिलेच पाहिजे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. आपल्या देशात चालकापुढील एअरबॅग सर्व मोटारींत सक्तीची झाली ती १ जुलै २०१९ पासून. शेजारच्या आसनासाठी ती त्यानंतर आली. चाके अडकू न देणारी एबीएस ही ब्रेकची व्यवस्थाही २०१९ मध्येच सर्व मोटारींना बंधनकारक झाली. त्यापूर्वीच्या अनेक लहान गाड्यांत या दोन्ही गोष्टी नाहीत, आणि कोणत्याही दुरुस्तीने त्या आणता येत नाहीत. गावात, शेतावर, जवळच्या बाजाराला अशी गाडी खुशाल वापरावी. परंतु आईला दर पंधरवड्याला उपचारासाठी समृद्धीवरून न्यायचे असेल, तर तीच गाडी त्या वेगाने हाकणे हे अतिवाहन ठरते. येथे पैशापुढे जीवरक्षा आहे.

कायद्याची मुदतही पाहावी. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते. २०१२ च्या गाडीची मुदत २०२७ मध्ये संपेल; त्यानंतर तपासणी, शुल्क आणि पर्यावरण कर भरून पाच-पाच वर्षांचे नूतनीकरण करावे लागते. शिवाय आता मिळणारे पेट्रोल २० टक्के इथेनॉलमिश्रित आहे. जुन्या गाडीतील रबरी नळ्या आणि इंधनपंप गॅरेजमध्ये वेळोवेळी तपासून घेणे हिताचे.

मधली वाट

जुनी गाडी पुरत नाही आणि नवीचे ओझे पेलत नाही, अशा घरांसाठी तीन-चार वर्षे वापरलेली लहान गाडी हा विचारपूर्वक मार्ग आहे. किमतीची मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि सुरक्षेची साधने गाडीत आलेली असतात. मात्र पारख हवी. गाडी सकाळी, इंजिन थंड असताना सुरू करून पाहावी. चासी क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडावा. बँकेचा बोजा, थकलेले चलान, विम्याचे जुने दावे आणि सर्व्हिसच्या नोंदी तपासाव्यात. विश्वासू मेकॅनिकला हजार रुपये देऊन गाडी दाखवली, तर लाखाची चूक टळते.

आपली गाडी विकतानाही व्रताची परीक्षा होते. किलोमीटरचा काटा मागे फिरवणे, अपघात लपवणे, खराब गिअर दोन दिवसांपुरता चालता करणे, हे सारे अचौर्याच्या ‘प्रतिरूपक व्यवहार’ या अतिचारात मोडते. दोष सांगून विकलेल्या गाडीला दहा-वीस हजार कमी येतील, पण लहान गावात शब्दाची किंमत त्याहून मोठी असते. फॉर्म २९ व ३० भरून नावबदल पूर्ण झाल्याची खात्री करावी. कागदोपत्री मालक राहणाऱ्यावर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या निकालात स्पष्ट केले आहे. नवी गाडी घेताना आसनांचे कातडे खरे की कृत्रिम, हेही निःसंकोच विचारावे.

आसक्ती दोन्हीकडे

उरले अतिसंग्रह आणि अतिविस्मय. दुसरी गाडी आली तरी पहिली निघत नाही, ती वाड्यात धूळ खात राहते, हा अतिसंग्रह. शेजाऱ्याच्या दारातील वैभव पाहून आपल्या मनात खळबळ उडते; हा अतिविस्मय. लग्नसराईत किती गाड्या केवळ याच कारणाने घेतल्या जातात, हे ज्याने त्याने आठवून पाहावे.

तत्त्वार्थसूत्राने परिग्रहाचे मूळ मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत, पाहिले आहे. ती नव्या गाडीविषयी असते तशीच जुन्याविषयीही असू शकते. मुलाचा मोह उघड दिसतो. आजीचा आठवणींच्या आड असतो. दोघांनाही दुखवू नये, पण निर्णय त्यांपैकी कोणत्याही मोहावर सोडू नये.

त्या किराणा दुकानदाराच्या वहीत शेवटी तीन प्रश्न उरतात. वर्षभरात गाडी कोठे आणि किती धावते? त्या रस्त्यावर ती घरच्यांचे आणि वाटेवरील इतर जीवांचे रक्षण करू शकते का? आणि दुकान दोन महिने मंदावले, तरी हप्ता फिटेल का? आईला जालन्याला वारंवार न्यायचे असेल, तर त्याने वापरलेली पण एअरबॅग असलेली लहान गाडी घ्यावी, जुनी दोष सांगून विकावी आणि दारात एकच वाहन ठेवण्याचे परिमाण करावे. गाडी गावापुरतीच फिरत असेल, तर क्लच बदलावा, टायर नवे घालावेत आणि उरलेला पैसा आईच्या औषधांसाठी राखून ठेवावा. दोन्ही निर्णयांत व्रत सांभाळले जाते. पहिल्या निर्णयात मुलाने आणि दुसऱ्यात आजीने आपण जिंकलो असे मात्र मानू नये.