चोवीस तासांचं गणित

आज तुम्हाला एक गणित घालते. कागद-पेन्सिल घेऊन बसा.

एक चौदा वर्षांचा मुलगा आहे. त्याला चालता येत नाही. हातांवर ताबा नाही. त्याचं बोलणं फक्त घरच्यांना कळतं. त्याला उठवायचं, तोंड धुवायचं, संडासला न्यायचं, आंघोळ घालायची, कपडे चढवायचे, यात सकाळचे दोन तास जातात. तीन वेळा भरवायला मिळून आणखी दोन तास. दिवसभर मधून मधून कुशीवर वळवावं लागतं, नाही तर पाठीला जखमा होतात. रात्रीही दोनदा उठावं लागतं. वडील गवंडीकामाला जातात. आजीला नीट दिसत नाही. धाकटी बहीण सातवीत आहे. शिवाय स्वयंपाक, पाणी, धुणी-भांडी आहेतच. तर सांगा, या मुलाच्या आईला दिवसातून स्वतःसाठी किती वेळ उरतो? आणि ती तापाने झोपली, तर त्या दिवशी त्याला कोण उठवतं?

हे गणित मी रचलेलं आहे, पण अशी घरं खरी आहेत. २०११ च्या जनगणनेत आपल्या देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. त्यांतल्या सुमारे २९ लाख ६३ हजार महाराष्ट्रात होत्या. आता सगळ्यांनाच एवढी मदत लागते असं मुळीच नाही, बरं का! कुणाचं कुबडीवर भागतं, कुणाचं श्रवणयंत्रावर. पण काहींना मात्र दुसऱ्याचे हात जन्मभर लागतात. ते हात कुणाचे असावेत, हा आपला आजचा प्रश्न.

वर्गात वाद पेटला

हेच गणित मी आमच्या वर्गात फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, "या मुलाची जबाबदारी कुणाची? घरच्यांची की सरकारची?"

पुढच्या बाकावरून लगेच उत्तर आलं, "घरच्यांची! आईबापाला पोर जड होतं का बाई?"

"आणि सरकारी माणूस काय भरवायला येणार आहे? त्याचं बोलणं तरी त्याला कळेल का?" दुसरा म्हणाला.

खिडकीकडची बाकं गप्प बसणार थोडीच! "आपण कर भरतो तो कशाला? रस्ते होतात, तसं हेही व्हायला पाहिजे."

"सरकारकडे एवढा पैसा कुठाय?"

गलका वाढला. तेवढ्यात मागच्या बाकावरची, एरवी फारसं न बोलणारी एक मुलगी उभी राहिली. तिने एवढंच विचारलं, "बाई, आई आजारी पडली की त्याची बहीण शाळेत येते का?"

वर्ग एकदम शांत झाला. कारण उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. आपण 'घरच्यांनी करावं' असं म्हणतो, तेव्हा घर म्हणजे नेमकं कोण? बहुतेक वेळा एक आई. तिच्यानंतर एक बहीण. 'घर' हा शब्द मोठा दिसतो, पण काम करणारे हात दोनच असतात.

कायदा काय सांगतो?

कायदा दोन्ही बाजूंनी बोलतो. मूल अठरा वर्षांचं झालं तरी शारीरिक किंवा मानसिक कारणामुळे त्याला स्वतःचं पोट भरता येत नसेल, तर ऐपत असलेल्या आईवडिलांनी त्याचा खर्च करावा, असं आपला कायदा सांगतो. भावंडांवर मात्र असं बंधन तो घालत नाही. भाऊ-बहीण करतात ते मायेने करतात.

दुसरी बाजूही बघा. १९९५ मध्ये संसदेने अपंगांसाठी मोठा कायदा केला. त्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. २०१६ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा आला, त्यात २१ प्रकार आहेत. ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असलेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क या कायद्याने दिला. ज्यांना फार मदत लागते, त्यांना सांभाळणाऱ्या माणसासाठी भत्ता द्यावा, असंही त्यात म्हटलं आहे. फक्त एक मेख आहे. सरकारने हे 'आपल्या आर्थिक ऐपतीच्या मर्यादेत' करायचं आहे. म्हणजे "पैसा कुठाय?" हा आमच्या वर्गातला प्रश्न कायद्यातही जाऊन बसलाय!

आता कागदावर 'अपंग' ऐवजी 'दिव्यांग' लिहितात. शब्द चांगला आहे. पण नुसतं नाव बदललं म्हणून शाळेची पायरी काही खाली येत नाही.

भागाकार करून बघा

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर दरमहा पैसे मिळतात. २०२३ मध्ये ही रक्कम हजाराची दीड हजार झाली. २०२५ मध्ये दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करायचं सरकारने ठरवलं. आता २५०० ला ३० ने भागा. दिवसाचे सुमारे ८३ रुपये आले. आपल्या गावात शेतावर एका बाईला दिवसाची मजुरी किती मिळते, ते घरी विचारा आणि शेजारी लिहा. दोन आकड्यांमधला जो फरक, तो ती आई रोज आपल्या खिशातून भरते. ती कामाला जाऊ शकत नाही ना!

म्हणून ८३ रुपये कुचकामी आहेत का? नाही. त्यात औषध येतं. एसटीच्या भाड्यात दिव्यांगांना ७५ टक्के सवलत आहे, म्हणून जिल्ह्याच्या दवाखान्यात जाणं परवडतं. शाळेत न्यायला-आणायला मदतनीस भत्ता असतो. मदत थोडी असली तरी ती उपकार नसते, हक्क असते. शेजाऱ्याने दिलेलं नाकारता येतं, शेजारी विसरूही शकतो. हक्क मात्र मान वर करून मागता येतो.

घर, गाव आणि आपण

कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ऐन उमेदीत त्यांचं कमरेखालचं शरीर लुळं पडलं. घरच्यांनी त्यांना सांभाळलं. पुढे त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये कोल्हापुरात 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था सुरू झाली, त्यात त्यांचा पुढाकार होता. त्यांच्या आयुष्यात घराची माया होती, नोकरीचा आधार होता, लोकांची साथ होती आणि त्यांची स्वतःची जिद्द होती. यातलं एक जरी काढलं असतं तर? तुम्हीच विचार करा.

अशा मुलांच्या आईवडिलांना रात्री झोप लागू न देणारा प्रश्न वेगळाच असतो. "आमच्यानंतर याचं काय?" माया कितीही असली तरी आईबाप कायमचे नसतात. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने यावर एक वाट काढली. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व किंवा बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीला अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून देता येतो. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली समिती असते. पण कागदावरचा पालक सकाळी आंघोळ घालत नाही. त्यासाठी जवळपास चांगलं निवासगृह हवं, दिवसा सांभाळणारं केंद्र हवं, पगारी मदतनीस हवा. हे एकट्या घराला जमत नाही. इथे सगळ्यांचा पैसा लागतो.

मला विचाराल तर आमच्या वर्गातल्या दोन्ही बाजू अर्ध्या अर्ध्या बरोबर होत्या. त्या मुलाच्या डोळ्यांतलं घरच्यांना जसं कळतं, तसं कुठल्याही खात्याला कळणार नाही. पण घरच्यांना झोप मिळावी, बहिणीची शाळा बुडू नये, आईला ताप आला तर कुणीतरी यावं, हे बघणं आपल्या सगळ्यांचं काम आहे. माया सरकारकडून मागू नये. आणि मायेच्या नावाखाली एका बाईचे चोवीस तासही मागू नयेत.

येत्या रविवारी करून बघा

१. फूटपट्टी घेऊन शाळेत, ग्रामपंचायतीत आणि वाचनालयात जा. दारापर्यंतच्या पायऱ्यांची एकूण उंची मोजा. चाकाच्या खुर्चीला एक फूट चढायचं तर बारा फूट लांब उतार लागतो. उतार आहे का? असला तर तेवढा लांब आहे का?

२. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. गेल्या वर्षी ते कशावर खर्च झाले, हे मोठ्यांना ग्रामसभेत विचारायला सांगा.

३. तुमच्या आळीत असं घर असेल, तर त्या घरच्या मुलाशी तासभर खेळायला जा. मात्र आधी त्याला आणि त्याच्या आईला विचारा. तो तास तिचा होईल.

आणि हो, वरच्या गणिताचं उत्तर मी सांगणार नाही. ते प्रत्येक गावात वेगळं येतं. तुमच्या गावात किती येतं, ते वहीत लिहून ठेवा.