गळ, मासा आणि चेतना

पाणातिपातापासून विरत राहण्याचे शिक्षापद बौद्ध उपासक नित्य ग्रहण करतो. त्यामुळे मासेमारीच्या प्रश्नावर आणखी चर्चा करण्यासारखे काय उरते, असे कोणालाही वाटेल. परंतु जीवनाचे स्वरूप बदलले की जुनेच प्रश्न नव्या रूपात पुढे येतात. असाच एक प्रश्न पुणे शहराच्या पश्चिमेस, हिंजवडीच्या परिसरात उपस्थित झालेला दिसतो. त्याचा विचार पालि वाङ्मयाच्या आधारे करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

हिंजवडी हे मुळशी तालुक्यातील गाव. १९९०च्या दशकाच्या अखेरीस येथे राजीव गांधी माहिती-तंत्रज्ञान उद्यान उभे राहू लागले आणि शेतीच्या गावाचे नगर झाले. जवळच कासारसाईचे धरण आहे. पुणे जिल्ह्यातील नद्यांच्या डोहांत, धरणांत आणि पाटांत मरळ, शिवडा, वाम असे शिकारी मासे सापडतात. लहान मासे व बेडूक हे त्यांचे भक्ष्य. अशा पाण्यावर गळ टाकून बसणारे लोक सामान्यतः दोन प्रकारचे असतात. एकाला कालवणासाठी मासा हवा असतो. दुसऱ्याला सुटीच्या दिवशी विरंगुळा हवा असतो; तो मरळ पकडतो, छायाचित्र काढतो आणि मासा पुन्हा पाण्यात सोडतो. हा दुसरा गृहस्थ स्वतःला पहिल्यापेक्षा अधिक अहिंसक मानतो. त्याची ही समजूत धम्माच्या कसोटीस उतरते काय?

या प्रश्नाचे उत्तर ‘उदान’ या ग्रंथातील एका लहानशा सुत्तात सापडते. सावत्थी आणि जेतवन यांच्या दरम्यान काही मुले मासे पकडत होती. तथागतांनी त्यांना विचारले की, तुम्हाला दुःखाचे भय वाटते काय, दुःख अप्रिय वाटते काय? मुलांनी होकार दिला, तेव्हा त्यांनी मुलांना पापकर्मापासून परावृत्त होण्याचा उपदेश केला. येथे एक शब्द लक्षात घेण्यासारखा आहे. मुले माशांना ठार मारीत होती असे सुत्तकार म्हणत नाही. त्याने वापरलेले क्रियापद ‘बाधेन्ति’ हे आहे, म्हणजे पीडा देतात, छळतात. तथागतांचा प्रश्नही मृत्यूविषयी नाही, दुःखाविषयी आहे. अर्थात, मासा शेवटी जिवंत राहिला एवढ्यावरून गळ टाकणारा निर्दोष ठरत नाही. टाळूत रुतलेला गळ, पाण्याबाहेरची तडफड, कोरड्या हातांनी धरल्यामुळे निघून जाणारे अंगावरचे बुळबुळीत संरक्षक आवरण आणि त्यातून होणारा संसर्ग, हे सर्व सोडून दिलेल्या माशाच्याही वाट्याला येते.

अट्ठकथांनी पाणातिपाताची पाच अंगे सांगितली आहेत : प्राणी असणे, तो प्राणी आहे याची जाणीव असणे, वधाचे चित्त, त्यासाठी केलेला प्रयत्न आणि त्यातून घडलेला मृत्यू. मासा सोडून देणाऱ्याच्या बाबतीत ही पाचही अंगे पूर्ण होत नाहीत, म्हणून शिक्षापदाचा संपूर्ण भंग होत नाही, हे खरे. परंतु शिक्षापदाचा भंग टाळणे आणि करुणेचा अभ्यास करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा युक्तिवाद असा केला जातो की, मरळ स्वतःच हिंसक आहे; ती पकडली तर अनेक लहान मासे वाचतात. हा युक्तिवाद धम्माला मान्य होण्यासारखा नाही. कर्माचे मूळ चेतनेत आहे आणि दुसऱ्याच्या कर्माने आपली चेतना शुद्ध होत नाही. मच्छ जातकात बोधिसत्त्व माशाच्या योनीत जन्मलेला आहे. अवर्षणामुळे तळे आटते आणि चिखलात अडकलेल्या माशांना कावळे टोचून खाऊ लागतात. तेव्हा बोधिसत्त्व सत्यक्रिया करतो. जेथे आपल्याच जातभाईंना खाण्याची रीत आहे अशा कुळात जन्मूनही आपण तांदळाच्या दाण्याएवढा मासाही खाल्ला नाही, हे त्याचे सत्य; त्याच्या बळावर पाऊस पडतो. पाटाचे आवर्तन बंद झाल्यावर डबक्यांत तडफडणारे मासे ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. भक्षक कुळातही मैत्री संभवते, असे जातककार सांगतो. मग भक्षक हा शिक्का मारून एखाद्या जिवाला करुणेच्या कक्षेबाहेर ढकलण्याचा अधिकार माणसाला कसा पोहोचेल?

आता पहिल्या माणसाचा, म्हणजे मासा घरी नेणाऱ्याचा विचार करू. येथे फार सावध राहिले पाहिजे. आपल्या देशात आहाराच्या शुद्धाशुद्धतेवरून माणसांना हीन लेखण्याची दुष्ट परंपरा आहे. करुणेच्या नावाखाली तीच परंपरा धम्मात शिरता कामा नये. भिक्षूंनी मत्स्यमांस मुळीच खाऊ नये, ही देवदत्ताची मागणी तथागतांनी फेटाळली, हे विनयपिटकात नमूद आहे. आपल्यासाठी मारल्याचे पाहिलेले, ऐकलेले किंवा तशी शंका असलेले मत्स्यमांस मात्र भिक्षूला वर्ज्य ठरविले. मासे मारून विकणाऱ्या कोळ्याविषयी अंगुत्तर निकायात कठोर उद्गार आहेत, परंतु तेथे टीका आहे ती वध्य जिवाकडे पापबुद्धीने पाहण्याच्या सवयीवर. कोणाच्या जन्मावर नाही. अट्ठकथेनुसार यसोज थेर हे सावत्थीच्या वेशीजवळील कोळ्यांच्या वस्तीत, त्यांच्या प्रमुखाच्या घरी जन्मले होते. संघाचे द्वार त्यांना उघडेच होते.

परमपूज्य बाबासाहेब डॉ. आंबेडकरांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची जी मीमांसा केली आहे, ती या प्रश्नाची गुरुकिल्ली होय. तथागतांची अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळावयाचा नियम नव्हे. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत भेद केला पाहिजे, असे त्यांनी प्रतिपादन केले. हा भेद लावून पाहिला तर चित्र पालटते. मुलाबाळांच्या पोटासाठी गळ टाकणाऱ्यापाशी निदान गरज तरी आहे. केवळ झुंजीच्या आनंदासाठी गळ टाकणाऱ्यापाशी ती नाही. त्याचा आनंदच दुसऱ्याच्या वेदनेतून निर्माण होतो. तथापि गरज हा शब्द सोयीस्करपणे वापरता येणार नाही. ज्याच्या घरी अन्नाची ददात नाही, त्याने आपल्या हौसेला गरज म्हणणे ही आत्मवंचना आहे.

गरजेपोटी मासा ठेवणाऱ्यालाही विवेकाची बंधने आहेतच. जलाशयाचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असेल, तिने तेथे मत्स्यबीज सोडले असेल, तर परवानगीवाचून मासा नेणे हे अदिन्नादान होय. मरळीचे नर-मादी पिलांच्या थव्याची राखण करतात. अशी राखण करणारी मरळ पकडली की सगळा थवा इतर माशांचे भक्ष्य होतो. म्हणून एका जिवाबरोबर शेकडो जिवांचा घात होतो. पावसाळ्याच्या प्रारंभी प्रवाहाविरुद्ध वर येणारे चढणीचे मासे अंड्यांनी भरलेले असतात. त्यांच्याबाबतही हेच म्हणावे लागेल. मरळीला हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे ती पाण्याबाहेर दीर्घकाळ जिवंत राहते. तिला पोत्यात तासन् तास तडफडत ठेवण्यात कोणतीही गरज नाही, केवळ बेपर्वाई आहे.

याउलट एक प्रसंग असा आहे की जेथे मासा सोडणे हेच अहितकारक ठरते. आफ्रिकन मागूर हा परदेशी शिकारी मासा स्थानिक जातींचा फडशा पाडतो. २००० साली केंद्र सरकारने त्याच्या संवर्धनावर बंदी घातली. तो गळाला लागला आणि आपण जीवदानाच्या भावनेने त्याला पुन्हा नदीत सोडले, तर ती करुणा प्रज्ञाहीन ठरेल. पुण्यसंपादनासाठी विकतचे मासे कोणत्याही पाण्यात सोडणाऱ्यांनीही याचा विचार करावा.

अशा विवेकाला इतिहासाचा आधार आहे. सम्राट अशोकाने राज्याभिषेकाच्या सव्विसाव्या वर्षी कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात काही जातींचे मासे अवध्य ठरविले, तसेच ठरावीक पौर्णिमांना व उपोसथाच्या दिवशी मासे मारण्यास आणि विकण्यास मनाई केली. कोळ्यांच्या राखीव पाण्यातील इतर जिवांनाही त्या दिवशी अभय दिले. त्याने कोळ्यांचा व्यवसाय सरसकट बंद केला नाही. जाती आणि काळ पाहून हिंसेला मर्यादा घातली आणि प्रजेला करुणेच्या दिशेने एक-एक पाऊल पुढे नेले.

तात्पर्य, पकडलेला मासा ठेवावा की सोडावा, हा प्रश्न मासा हातात आल्यावर विचारला जातो. धम्माच्या दृष्टीने तो उशिरा विचारलेला प्रश्न आहे. खरा प्रश्न गळाला आमिष लावतानाचा आहे : हे मी गरजेने करीत आहे की दुसऱ्याच्या दुःखातून सुख मिळविण्याच्या इच्छेने? सावत्थीच्या रस्त्यावरील मुलांना तथागतांनी विचारलेला प्रश्न आपल्या मुलांनाही आपण विचारला पाहिजे. सुटीच्या दिवशी त्यांना पाण्यावर अवश्य न्यावे, मरळ आपल्या पिलांची राखण कशी करते ते लांबून दाखवावे. गळाशिवायही मासा पाहता येतो, हे त्यांना एकदा कळले म्हणजे शिक्षापदाचा अर्थ निराळा शिकवावा लागणार नाही.