खासगी शाळेतून अनुदानित शाळेत : सातवी-आठवीत शाळा बदलताना



मार्च संपत आला की आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर नवीन पालक दिसू लागतात. आमची शाळा गिरणगावातली, अनुदानित, पाचवी ते दहावी. हे पालक जरा वेगळे असतात. ते प्रवेशाचा फॉर्म मागत नाहीत, आधी आजूबाजूला बघतात आणि मग आवाज खाली करून विचारतात, "बाई, आठवीत जागा आहे का हो?" मुलगा किंवा मुलगी आतापर्यंत एखाद्या खासगी इंग्रजी शाळेत असते. कधी फी झेपेनाशी झालेली असते, कधी वडिलांची नोकरी गेलेली असते, कधी चाळीचं पुनर्विकासाचं काम सुरू होऊन घर बदललेलं असतं. कधी फक्त मूल तिथे दबून गेलेलं असतं.

गेल्या काही वर्षांत अशा पालकांशी इतक्यांदा बोलले की तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं असं वाटलं. एक गोष्ट आधीच कबूल करते, यात माझा स्वार्थ आहे. आमच्यासारख्या शाळांची संचमान्यता पटावर ठरते. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतात. त्यामुळे "आमच्याकडे या" असं मी म्हटलं तर ते थोडं मीठ लावूनच ऐका. पण खालची माहिती कोणत्याही शाळेला लागू आहे.

"पब्लिक" म्हणजे नक्की कोणती शाळा?

इथे पहिला गोंधळ होतो. इंग्लंडात "पब्लिक स्कूल" म्हणजे भरमसाट फीची खासगी शाळा. आपल्याकडेही बऱ्याच महागड्या शाळांच्या नावात हे शब्द असतात. मुंबई महापालिकेने 2021 मध्ये आपल्या शाळांना "मुंबई पब्लिक स्कूल" हे नाव दिलं, तेव्हा आमच्या इथल्या एका आजीने मला विचारलं होतं, "शाळा विकली की काय?" विकली नाही. त्या महापालिकेच्याच शाळा आहेत. महापालिकेने 2020 पासून सीबीएसई आणि आयसीएसई मंडळाच्या शाळाही काढल्या. माटुंग्याची वूलन मिल शाळा ही त्यातली आयसीएसईची पहिली.

दक्षिण आणि मध्य मुंबईत माध्यमिक वर्गांसाठी पालकांना प्रत्यक्षात दोन प्रकार दिसतात. पहिला महापालिकेच्या शाळांचा. तिथे फी नाही, आणि वह्या, दप्तर, गणवेश अशा 27 शालोपयोगी वस्तू मिळतात. मात्र सगळ्याच इमारतींत दहावीपर्यंत वर्ग नसतात, ते आधी विचारून घ्यावं. दुसरा प्रकार अनुदानित शाळांचा. या शाळा शिक्षणसंस्थेच्या असतात, पण शिक्षकांचा पगार शासन देतं. गिरगाव, दादर, परळ इथल्या जुन्या नावाजलेल्या मराठी शाळा बहुतेक याच प्रकारच्या. आजी-आजोबा ज्या शाळेत शिकले ती "संस्थेची शाळा" म्हणजे हीच.

आता एक खाचखळग्याची जागा. एकाच संस्थेच्या एकाच इमारतीत मराठी माध्यम अनुदानित असतं आणि इंग्रजी माध्यम विनाअनुदानित किंवा स्वयंअर्थसहाय्यित. गेट एक, मैदान एक, शिपाईमामाही तेच. पण फी आणि कायद्याचं संरक्षण दोन्ही वेगळं. म्हणून ऑफिसात स्पष्ट विचारा, "ही तुकडी अनुदानित आहे का?" शाळा अनुदानित आहे का, एवढंच विचारून भागत नाही.

दाखला अडवला तर

सगळ्यात जास्त अश्रू मी इथे बघितलेत. एक आई आल्या होत्या, लालबागच्याच. मुलगा सातवी पास. आधीच्या शाळेची दोन हप्त्यांची फी थकली होती आणि ती शाळा दाखला द्यायला तयार नव्हती. बाई जूनभर खेपा घालत होत्या. मुलगा घरी. शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले तरी त्या आमच्याकडे आल्याच नव्हत्या, कारण त्यांना वाटत होतं की दाखल्याशिवाय कोणी दारातही उभं करणार नाही.

हे चूक आहे. शिक्षण हक्क कायदा 2009 चा, अमलात आला 1 एप्रिल 2010 पासून. त्यातलं कलम 5 शाळाबदलाबद्दल आहे. कोणत्याही कारणाने शाळा बदलावी लागली तर मुलाला शासकीय, महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत जाण्याचा हक्क आहे. आधीच्या मुख्याध्यापकांनी दाखला लगेच द्यायचा. दाखला यायला उशीर झाला म्हणून नव्या शाळेने प्रवेश लांबवायचा नाही आणि नाकारायचाही नाही. दाखला रखडवणाऱ्या मुख्याध्यापकांवर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते, असंही त्यात लिहिलेलं आहे.

हा कायदा आठवीपर्यंतचा. नववी-दहावीचं काय, हा प्रश्न कोरोनाच्या काळात फार तीव्र झाला. घरोघरी पगार थांबले, फी थकली आणि दाखले अडकले. तेव्हा जून 2021 मध्ये राज्याच्या शिक्षण विभागाने नववी-दहावीच्या मुलांनाही दाखल्याअभावी शासकीय, महापालिकेच्या व अनुदानित शाळांत प्रवेश नाकारू नये, जन्मदाखला पाहून वयानुसार प्रवेश द्यावा, असं सांगितलं.

याचा अर्थ थकलेली फी माफ झाली असा कोणी घेऊ नये. ती देणं वेगळं आणि मुलाचं वर्ष वेगळं. फी वसूल करायला शाळेला दुसरे मार्ग आहेत. मूल ओलीस ठेवणं हा त्यातला मार्ग नाही. हे मी स्वतः शिक्षिका असूनही म्हणते.

करायचं काय? जुन्या शाळेत दाखल्यासाठी लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या. तोंडी मागणीला पुरावा नसतो. त्याच दिवशी नव्या शाळेत जन्मदाखला, आधार कार्ड, शेवटचं प्रगतीपुस्तक आणि त्या पोचेची झेरॉक्स घेऊन जा. तरीही अडलं तर शिक्षण निरीक्षकांकडे अर्ज करा. मुंबई विभागाच्या शिक्षण उपसंचालकांचं कार्यालय चर्नी रोडला जवाहर बालभवनात आहे. त्या आईंच्या मुलाला आम्ही त्याच दिवशी वर्गात बसवलं. दाखला आला दिवाळीनंतर.

दाखल्याइतकंच आता ऑनलाइन नोंदीला महत्त्व आलंय. सरल आणि यू-डायस प्लसवर मुलाचं नाव जुन्या शाळेच्या खात्यात असतं. नवीन शाळा मागणी पाठवते, जुनी शाळा नाव सोडते. ते सोडलं नाही तर मूल आमच्या वर्गात बसतं, पण कागदावर तिकडेच राहतं. पालकांनी महिन्याभराने क्लार्कना एकदा विचारावं, "नाव ट्रान्सफर झालं का?" क्लार्क वैतागतील. तरी विचारा.

आणि दाखला हातात आला की घरी नेऊन घडी घालून ठेवू नका, तिथेच उभं राहून वाचा. नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख, जात. त्यावरूनच नव्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये नोंद होते आणि तीच दहावीच्या सर्टिफिकेटवर जाते. शाळेत असताना दुरुस्ती होते. दहावीनंतर फार वणवण होते.

कोणत्या इयत्तेत बदलावं?

पाचवी उत्तम, कारण तिथे बहुतेक मुलं नवीनच असतात. त्यानंतर आठवी. नववीत येता येतं, पण जड जातं. दहावीत दुसऱ्या मंडळातून येण्याचा विचार अगदीच नाइलाज असल्याशिवाय करू नये.

आठवीला मी जोर देते त्यामागे एक व्यवहारी कारण आहे. आठवीत एनएमएमएस ही आर्थिक दुर्बल घटकांसाठीची शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच ती देता येते. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीत साधारणपणे 55 टक्के हवेत. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये मिळतात. विनाअनुदानित शाळेतलं मूल कितीही गरजू असलं तरी त्याला ही परीक्षा बंद आहे. शिवाय आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात आणि शालेय पोषण आहारही असतो. पोषण आहाराबद्दल काही पालक नाक मुरडतात, "आमचा डबा आणेल". आणू दे की! पण आठवड्याभरात तोच मुलगा खिचडीच्या रांगेत मित्रांबरोबर उभा दिसतो.

एक कॅलेंडरची गोष्टही लक्षात ठेवा. सीबीएसई-आयसीएसई शाळांचं नवं वर्ष बऱ्याच ठिकाणी एप्रिलमध्ये सुरू होतं, आपल्याकडे जूनमध्ये. निर्णय मेपर्यंत लांबवला तर तिकडचा एप्रिलचा हप्ता भरून बसाल. म्हणून मार्चमध्येच ठरवा आणि तसं लेखी कळवा.

खरी अडचण : मराठी

कागद होतात. मुलाला खरा घाम फुटतो तो भाषेच्या तासाला. घरी अस्खलित मराठी बोलणारा, गणपतीत मंडळात आरत्या पाठ म्हणणारा मुलगा फळ्यावरचं मराठी वाक्य अडखळत वाचतो. राज्यात 2020 च्या कायद्याने सगळ्या मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली, पण द्वितीय-तृतीय भाषा म्हणून शिकलेली मराठी आणि प्रथम भाषा म्हणून शिकलेली मराठी यांत बरंच अंतर आहे. नववी-दहावीला प्रथम भाषेचं पुस्तक "कुमारभारती", द्वितीय-तृतीय भाषेचं "अक्षरभारती". दोन्ही शेजारी ठेवून चाळलीत तर मी काय म्हणते ते लगेच कळेल.

आपल्या भागात बहुतेक अनुदानित मराठी शाळांत सेमी इंग्रजीची तुकडी असते. म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. इंग्रजी माध्यमातून आलेल्या मुलाला ही तुकडी सोयीची. प्रकाशसंश्लेषण आणि लंबदुभाजक हे शब्द त्याला अंगावर घ्यावे लागत नाहीत. गणित-विज्ञानात तो बहुधा वर्गाच्या बरोबरीने चालतो. पण इतिहासात जहाल-मवाळ, सनद, वसाहतवाद आले आणि भूगोलात पर्जन्यछायेचा प्रदेश आला की गाडी थांबते. मुलाला विषय येत असतो, शब्द येत नसतात. पहिल्या चाचणीत 20 पैकी 6 गुण पडले की पालक म्हणतात, "तिकडे तर नव्वद टक्के होते." मूल ढ झालेलं नसतं.

मी काय करते ते सांगते. पहिले तीन महिने अशा मुलाला मोठी उत्तरं लिहायला लावत नाही. रोज पाच ओळी बघून लिहायच्या, मोठ्याने वाचत वाचत. इतिहासाच्या प्रत्येक धड्यातले दहा शब्द वहीत, समोर त्याला कळेल त्या भाषेत अर्थ. इंग्रजीत लिहिला तरी चालेल. घरी पालकांनी वर्तमानपत्राचं खेळाचं पान वाचून घ्यावं. क्रिकेटची बातमी मूल कंटाळत नाही आणि जोडाक्षरं आपोआप डोळ्यांखालून जातात. ऱ्हस्व-दीर्घाचं मी पहिल्या सहामाहीत बघतच नाही. माझ्या काही सहकाऱ्यांना हे पटत नाही, त्यांचं म्हणणं की चुकीची सवय लागते. असेल. पण लिहायलाच घाबरणाऱ्या मुलाच्या वेलांट्या दुरुस्त करून काय मिळणार?

वर्गातले पहिले पंधरा दिवस

हे मुख्यतः शिक्षकांसाठी. नवीन मूल "मिस" म्हणतं, बाकीचे "बाई" म्हणतात. वर्ग हसतो. आपण हसू नये आणि दुरुस्तही करू नये, दोन आठवड्यांत ते स्वतःच "बाई" म्हणू लागतं. पहिल्याच दिवशी उभं करून मराठीचा उतारा वाचायला लावू नका. "तू एवढ्या मोठ्या शाळेतून इकडे का आलास?" हा प्रश्न तर वर्गात कधीच नको. त्याचं उत्तर बहुतेक वेळा घरच्या पैशांत असतं आणि ते त्याला माहीत असतं. इंग्रजी कविता वाचायला मात्र दुसऱ्याच दिवशी द्या. त्याला येतं असं काहीतरी वर्गाने आधी बघावं.

पालकांसाठी एवढंच की मुलासमोर "आता इथे यावं लागलं" असं म्हणू नका. आम्ही ऐकतो ते, आणि मूलही ऐकतं. जुन्या मित्रांशी संबंध तोडू नका, रविवारी मैदानावर भेटू द्या. शाळाबदल नेहमी खाली उतरणंच असतं असंही नाही. सचिन तेंडुलकर वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये आला तो क्रिकेटसाठी, आचरेकर सरांच्या सांगण्यावरून. प्रत्येकाचं कारण एवढं देखणं नसतं, मान्य आहे.

प्रवेशाच्या दिवशी ऑफिसातून थेट घरी जाऊ नका. वर्गशिक्षकांना पाच मिनिटं भेटा आणि तीन गोष्टी सांगा : मराठी वाचन कितपत येतं, आधीच्या शाळेत काही त्रास झाला होता का आणि घरी अभ्यास कोण घेतं. आजी घेत असेल तर आजीचा नंबर द्या. माझ्या अनुभवात मराठीच्या बाबतीत आईवडिलांपेक्षा आजीशी बोललेलं जास्त उपयोगी पडतं.