सिगारेट सोडल्याचे बक्षीस

कारखान्याच्या फाटकावर ‘धूम्रपान करू नये’ अशी पाटी असते आणि तिच्याच सावलीत चौघे विडी ओढत असतात. शब्दांवर जगणाऱ्या माझ्यासारख्याला हे झोंबते.

अमेरिकेतल्या जनरल इलेक्ट्रिक कंपनीत झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. सिगारेट ओढणाऱ्या ८७८ कर्मचाऱ्यांचे दोन गट केले. एकाला व्यसनमुक्ती वर्गांची नुसती माहिती दिली. दुसऱ्याला माहिती आणि वर बक्षीस: वर्ग पुरा केला की १०० डॉलर, सहा महिन्यांत सिगारेट सुटली की २५०, पुढचे सहा महिने टिकली की ४००. तोंडच्या शब्दावर भागत नसे. निकोटिनपासून शरीरात कोटिनीन तयार होते, त्याची तपासणी होई. (सिगारेट सोडून तंबाखू-चुना मळणाराही तिच्यात सापडेल, हे आपल्याकडच्यांनी ध्यानात घ्यावे!)

वर्षभराच्या सुमारास माहितीवाल्यांपैकी शंभरात ५ जणांची सिगारेट सुटली होती, बक्षीसवाल्यांपैकी जवळपास १५ जणांची. आणखी सहा महिन्यांनी, बक्षिसे संपल्यावर, १५ चे ९ उरले. माहितीवाल्यांत मात्र चारही नाहीत. मालकमंडळींना ९ हा आकडा लहान वाटेल. त्या नऊ घरांना विचारा.