लोखंडावरची काच, काचेवरचा सिंह

टीव्हीवर दारूची जाहिरात करायला ज्या देशात कायद्याने मनाई आहे, त्याच देशात बिअरच्या जुन्या जाहिराती लोक हौसेने जमवतात. दिल्लीत सुंदर नगरची जुन्या वस्तूंची दुकानं आणि हौज खासच्या गल्ल्या त्यासाठी पालथ्या घातल्या जातात. कागदी लेबलं, पोस्टरं यांचीही मजा आहेच, पण खरी जादू एनॅमलच्या पाटीत.

अशा पाटीवरून बोट फिरवून बघा. रंग बदलतो तिथे बारीकशी पायरी लागते. कारण तो रंग नव्हेच, काच आहे! लोखंडी पत्र्यावर काचेची रंगीत भुकटी चढवायची आणि सुमारे 800 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ती वितळवायची. मग पुढचा रंग, पुन्हा भट्टी. म्हणून कित्येक उन्हाळे-पावसाळे खाऊनही लाल लालच राहतो. पाटी दुखावते ती बहुधा भोकांपाशी. स्क्रू जास्त आवळला की काच तडकते, पाणी आत शिरतं आणि गंज तिथून पसरतो. नकली माल इथेच उघडा पडतो. त्याचा गंज मधोमध, अगदी देखणा; भोकं मात्र कोरी करकरीत.

उत्तर भारतातल्या बिअरच्या जुन्या नावांत सिंह आणि गरुड भेटतात: लायन, गोल्डन ईगल. वाचता न येणाऱ्यालाही चित्र ओळखता येतं. इंग्लंडच्या बास कंपनीचा लाल त्रिकोण याच कामाचा. 1876 मध्ये तो ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला.

लायनचं घराणं कसौलीचं. बिअर आंबवायला गारवा हवा, आणि शीतयंत्रं येण्याआधी तो फक्त डोंगरातच मिळायचा. शिवाय तिथे झऱ्याचं पाणी. एडवर्ड डायर याने एकोणिसाव्या शतकात तिथे भट्टी घातली. त्याचा मुलगा रेजिनाल्ड, जालियनवालाचा तोच डायर. लायनची पाटी दिवाणखान्यात लावणाऱ्याने एवढं तरी माहीत करून घ्यावं.

पुढे मीकिन यांचा व्यवसाय त्यात मिसळला आणि 1949 मध्ये नरेंद्रनाथ मोहन यांनी कंपनी ताब्यात घेतली. त्यांचं नाव आज गाझियाबादच्या मोहन नगरला आहे, आणि 2019 पासून दिल्ली मेट्रोच्या रेड लाइनवरच्या स्टेशनलाही. कालका-शिमला मार्गावर तर याच कंपनीच्या भट्टीवरून चक्क ‘सोलन ब्रुअरी’ नावाचं स्टेशन आहे. सरकारी खर्चाने लावलेली ही पाटी मात्र कुठल्याच संग्राहकाच्या हाती लागणार नाही.

संग्राहकाने आणखी एक हिशेब ठेवावा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार किमान 100 वर्षं जुनी कलावस्तू किंवा कारागिरीची वस्तू पुरावस्तूंत मोडू शकते. 1925 ची पाटी 2025 मध्येच त्या उंबरठ्यावर पोचली. एकदा पुरावस्तू ठरली, की परदेशी गिऱ्हाईक कितीही डॉलर मोजो, खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही.