पाच नावांची शोधाशोध

14 ऑगस्ट 1942. आजूबाजूच्या गावांतली माणसे पालघरच्या कचेरीवर मोर्चाने गेली आणि पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सातपाटीचे काशिनाथ हरी पागधरे, नांदगावचे गोविंद गणेश ठाकूर, मुरब्याचे रामचंद्र महादेव चुरी, पालघरचे रामप्रसाद भीमाशंकर तिवारी आणि सालवडचे सुकुर गोविंद मोरे असे पाच जण त्यात गेले. पालघरकरांना ही नावे सांगावी लागत नाहीत. संगणकाला मात्र ती सहजासहजी सापडत नाहीत.

पहिली फसगत जिल्ह्याच्या नावाशी होते. पालघर जिल्हा झाला 1 ऑगस्ट 2014 ला. त्याआधीचे सगळे दप्तर ठाण्याच्या नावावर, तेही इंग्रजीत ‘ठाणा’ असे. आणखी मागे 1882 च्या गॅझेटिअरात गेले की तालुक्याचेच नाव माहीम. मुंबईचे नव्हे, केळवे-माहीममधले.

राष्ट्रीय अभिलेखागाराच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर गृहखात्याच्या जुन्या फायली घरबसल्या चाळता येतात. पण तिथे ‘चले जाव’ किंवा ‘हुतात्मा’ टाकून बसलात तर हाती फारसे लागणार नाही. गोऱ्या सरकारच्या लेखी ही चळवळ नव्हतीच, ‘डिस्टर्बन्सेस’ होते. 1943 साली सरकारने काँग्रेसवर ठपका ठेवणारी पुस्तिका काढली, तिच्या नावातही हाच शब्द आहे. म्हणजे मेलेल्या माणसाला शोधायचे तर मारणाऱ्याच्या भाषेत शोधावे लागते. प्रांतिक सरकारे दर पंधरवड्याला दिल्लीला अहवाल धाडत. त्यांच्या फायलींचे क्रमांक एका ठरावीक पद्धतीने पडत: 18/8/42 म्हणजे ऑगस्ट 1942. ही खूण ठाऊक असली की शोधपेटीशी झटापट करत बसावे लागत नाही, थेट फाइल उघडते.

वर्तमानपत्रांचा आधारही त्या महिन्यापुरता लंगडाच. भारत संरक्षण नियमांखाली चळवळीच्या बातम्यांवर निर्बंध आले होते. एशियाटिक सोसायटीच्या ‘ग्रंथसंजीवनी’वर जुनी पाने कितीही स्वच्छ दिसोत, छापूच न दिलेली बातमी त्यात कुठून येणार?

मग येते ते सगळ्यात कंटाळवाणे आणि सगळ्यात मोलाचे काम, नावांचे. कुठे तिवारी, कुठे तेवारी. चुरींच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये कधी एक ‘यू’, कधी दोन ‘ओ’. संगणकाच्या दृष्टीने ही सगळी वेगवेगळी माणसे. म्हणून एक तक्ता करून त्यात प्रत्येक हुतात्म्यासमोर नावाची सगळी रूपे, गाव आणि ते रूप कुठल्या कागदावर मिळाले हे लिहायचे. एकच रूप ‘शुद्ध’ ठरवून बाकीची खोडण्याचा मोह आवरायचा. हुतात्म्यांच्या स्मारकशिळेचा फोटो घेतानाही फ्लॅश बंद ठेवून, ऊन तिरपे असताना घ्यावा. कोरलेल्या अक्षरांत सावली भरते आणि मजकूर ओळखणारे सॉफ्टवेअर निदान काना-मात्रा तरी कमी गाळते.

गावे ओळखणे त्याहून अवघड. सालवड आज बोईसरच्या औद्योगिक वसाहतीला खेटून आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना नकाशा क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये उपग्रहचित्रावर बसवताना खुणेसाठी रेल्वेमार्ग धरावा, तारापूरचा किल्ला धरावा. खाडीच्या काठावर भरवसा ठेवू नये. मुरबे आणि सातपाटी यांच्यामध्ये खाडी आहे. मोबाइलचा नकाशा आजचे मोटाररस्ते दाखवतो. तेव्हाची माणसे कोणत्या वाटेने आली हे तो सांगू शकत नाही, ते गावातच विचारावे लागते. तिथे आवाज ऐकून टंकणारी साधने मांगेली आणि वाडवळी बोलीपुढे हात टेकतात. ध्वनिफीत हातानेच उतरवायची, बोलणाऱ्याची परवानगी आधी घ्यायची.

याच जिल्ह्यातल्या तलवाड्याला 10 ऑक्टोबर 1945 ला वारली शेतकऱ्यांच्या सभेवर गोळीबार झाला, पाच जण मेले. त्यांतले जेठ्या गांगड हे एक नाव बहुतेकांना ठाऊक असते. बाकीच्या चौघांची नावे किती जण सांगू शकतील? गोदावरी परुळेकरांचे वारली लढ्यावरचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक नसते तर शोधाची सुरुवात कुठून करायची, हाच प्रश्न पडला असता. जर्मनीत आरोल्सन अभिलेखागाराने नाझी छळछावण्यांची कार्डे लोकांपुढे ठेवली आणि हजारो स्वयंसेवकांनी घरी बसून त्यांवरची नावे टंकली. डहाणू-तलासरी भागात मुळात नावांची कार्डेच कुणी केली नव्हती, तेव्हा इथे टंकण्याआधी ऐकायला जावे लागेल.

तुमच्या घरच्या ट्रंकेत त्या काळचा फोटो, सन्मानपत्र किंवा तुरुंगातले पत्र असेल, तर ते सहाशे डीपीआयवर स्कॅन करा. कोण, कुठले, कुणी सांगितले हे सोबत लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचेच झाले तर फोटो म्हणून नव्हे, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. फोटो आकसतो आणि तारखेची नोंद गळून जाते. आणि एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा.